मेलखालची सही आपोआप नको, हाताने हवी : थंडरबर्डमध्ये (आणि इतरत्र) तुम्ही कसं करता?

चौथा मजला

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या आधीच्या सचिवांनी मेलच्या सहीत संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि त्याखाली ठळक लाल अक्षरांत ‘थकबाकी मुदतीत भरावी, अन्यथा वार्षिक २१ टक्के दराने व्याज आकारले जाईल’ असं घालून ठेवलं होतं. बिलाच्या मेलखाली ते शोभायचं. पण बी विंगमधले एक आजोबा गेले तेव्हा सगळ्या सभासदांना मेल गेला, ‘कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’, आणि खाली तीच लाल ओळ. त्यावर वार्षिक सभेत जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यंदा सचिवपद माझ्या गळ्यात पडलंय. माझा मेलचा पत्ता एकच, जीमेलचा, पण घरच्या संगणकावर मी थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरतो. त्यातूनच सोसायटीचा पत्रव्यवहार, माझी भाषांतराची कामं आणि घरगुती मेल, सगळं चालतं. पार्किंगबद्दल सभासद म्हणून माझं स्वतःचं मत लिहायचं असेल तर खाली ‘मानद सचिव’ दिसता कामा नये, नाहीतर लगेच ‘पदाचा गैरवापर’ सुरू.

मला हवंय ते इतकंच : नवा मेल उघडला की खाली काही नको. मला वाटेल तेव्हा, वाटेल ती सही मी घालणार. सध्या नोटपॅडमधून कॉपी-पेस्ट करतोय. नोटपॅडमध्ये दुवे, ठळक अक्षरं काही टिकत नाही. जुन्या मेलमधून उचललं तर त्या मेलचा फाँट आणि निळसर रंगही सोबत येतो. याहून बरा मार्ग आहे का?

खटपट्या

आहे, आणि त्यासाठी बाहेरचं काही बसवायचीही गरज नाही.

थंडरबर्डमध्ये एका खात्याला हव्या तितक्या ‘आयडेंटिटी’, म्हणजे पाठवणाऱ्याच्या ओळखी, जोडता येतात, आणि प्रत्येकीची सही वेगळी. पत्ता सगळ्यांना तोच दिला तरी चालतो. अकाउंट सेटिंग्जमध्ये खात्याच्या नावावर टिचकी मारा. उजवीकडे ‘सिग्नेचर टेक्स्ट’ची जी चौकट आहे ती पूर्ण रिकामी करा. ‘अटॅच द सिग्नेचर फ्रॉम अ फाइल’पुढे बरोबरची खूण असेल तर तीही काढा. ही झाली तुमची मूळ, बिनसहीची ओळख. मग खाली ‘मॅनेज आयडेंटिटीज’ बटण आहे, तिथे दोन नव्या ओळखी करा : एक सचिव, एक भाषांतरकार. त्यांच्या चौकटीत त्यांच्या त्यांच्या सह्या भरा. ठळक अक्षरं किंवा दुवे हवे असतील तर ‘यूज एचटीएमएल’वर खूण करा.

आता मेल लिहिताना वरच्या ‘फ्रॉम’च्या यादीतून सचिव निवडलात की खाली सचिवाची सही येते. परत मूळ ओळख निवडलीत की जाते. मजकूर आहे तिथेच राहतो.

दोन गोष्टी सांभाळा. मेलमध्ये आलेल्या सहीत हाताने खाडाखोड करून मग ओळख बदललीत, तर आधीची सही नीट पुसली जाईलच असं नाही. म्हणून आधी ओळख निवडायची, मग लिहायला बसायचं. दुसरं, ‘युअर नेम’मध्ये जे लिहाल ते समोरच्याला पाठवणाऱ्याचं नाव म्हणून दिसतं. तुम्हाला ओळखू यावं म्हणून तिथे ‘मी-२’ वगैरे लिहू नका. नवीन आवृत्त्यांत ओळखीला वेगळं लेबल देता येतं, ते फक्त तुम्हाला दिसतं.

पोटमाळा

खटपट्या, +१. मी आयडेंटिटीच्या भानगडीत न पडता ‘इन्सर्ट’ मेन्यूतला ‘एचटीएमएल’ पर्याय वापरते. सहीचा मजकूर टॅगांसकट (ठळक, दुवा वगैरे सांगणाऱ्या खुणांसकट) एका फाइलमध्ये ठेवलाय, तो तिथल्या चौकटीत चिकटवला की जसाच्या तसा उमटतो, रंग-फाँटची लागण होत नाही. पण हे महिन्यातून एखाद्या वेळी करणाऱ्यांसाठी. रोजचं असेल तर कंटाळा येतो.

‘सिग्नेचर स्विच’ नावाचं अ‍ॅड-ऑन आहे, म्हणजे थंडरबर्डला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, तो नेमका याचसाठी आहे. बटणावर सही चालू, बंद, किंवा दुसरी. ‘क्विकटेक्स्ट’ही चांगलं : एखादा छोटा शब्द लिहून टॅबची कळ दाबली की पूर्ण मजकूर. फक्त थंडरबर्डची मोठी आवृत्ती आली की अ‍ॅड-ऑन काही दिवस रुसून बसतात हे धरून चाला.

८.१२ ची लोकल

ऑफिसात आउटलुक असणाऱ्यांसाठी : फाइल, ऑप्शन्स, मेल, सिग्नेचर्स. तिथे उजवीकडे दोन यादी असतात, नव्या मेलसाठी आणि उत्तर/फॉरवर्डसाठी. दोन्हींत ‘नन’ निवडा. सह्या मात्र डावीकडे करून ठेवा, हव्या तितक्या. मग मेल लिहिताना वर ‘सिग्नेचर’वर टिचकी मारली की नावांची यादी उघडते, निवडा आणि मोकळे व्हा. जुन्या आउटलुकमध्ये या सह्या संगणकावरच्या ‘सिग्नेचर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये तीन रूपांत साठवल्या जातात, एचटीएम, आरटीएफ आणि टीएक्सटी. संगणक बदलताना तो फोल्डर उचलून न्या, पुन्हा सगळं टाइप करत बसू नका.

पण एक सांगू का, कंपनीच्या मेलला हे ‘मनाला येईल तेव्हा सही’ प्रकरण चालत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कंपनीच्या व्यावसायिक पत्रांवर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, तो २१ अक्षर-अंकांचा सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन, ईमेल हे सगळं हवं. मेल म्हणजे पत्र की नाही याचा काथ्याकूट करण्यापेक्षा आमच्याकडे ते सर्व्हरवरूनच खाली चिकटतं. मी काही घालो न घालो.

चौथा मजला

लोकल, ते कंपनीचं झालं. आमची संस्था आहे पंचावन्न फ्लॅटची, सर्व्हर वगैरे कुठला! पण मुद्दा पटला, सोसायटीच्या अधिकृत मेलला नोंदणी क्रमांक हवाच.

खटपट्या, तुमच्या पद्धतीने तीन ओळखी केल्या. झकास चाललंय. एक अडलं : कुणाच्या मेलला उत्तर द्यायला गेलो की नेहमी बिनसहीचीच ओळख येते. सोसायटीच्या मेलला सचिवाची यायला हवी ना?

खटपट्या

आलेला मेल कुठल्या पत्त्यावर आला ते पाहून थंडरबर्ड ओळख निवडतो. तुमच्या तिन्ही ओळखींचा पत्ता एकच, मग तो पहिली उचलणार. तुम्हाला ‘आधी काही नको’ हेच हवं होतं, तेव्हा हे सोयीचंच आहे. सोसायटीसाठी वेगळा पत्ता काढलात तर ती ओळख आपोआप येईल. खरं म्हणजे काढाच. उद्या सचिव बदलला की त्याला पत्ता आणि पासवर्ड सोपवला, काम झालं. नाहीतर तुमच्या घरगुती मेलपेटीत सभासदांच्या तक्रारी पुढची दहा वर्षं येत राहतील.

तळटीप

माझ्या आवडीचा विषय निघाला म्हणून जरा सविस्तर.

सही हाताने घालणाऱ्यांनी तिच्या वरच्या ओळीकडे लक्ष द्यावं. थंडरबर्ड स्वतः सही घालतो तेव्हा तिच्या डोक्यावर एक ओळ टाकतो : दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यामागे एक रिकामी जागा, मग नवी ओळ. ही शोभेची वस्तू नाही. यूजनेटच्या (वेबच्या आधीच्या चर्चागटांच्या) काळापासूनचा हा संकेत आहे. तेव्हाचे युनिक्सवरचे मेल प्रोग्राम तुमच्या घर-फोल्डरातली ‘.सिग्नेचर’ नावाची फाइल उचलून पत्राखाली जोडायचे. इथे मजकूर संपला आणि सही सुरू झाली हे वाचणाऱ्याच्या प्रोग्रामला कळावं म्हणून ही खूण. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियम-संकेतांचे क्रमांकित दस्तऐवज; त्यांतल्या २००४ च्या आरएफसी ३६७६ मध्ये तिचा उल्लेख आहे, आणि गंमत अशी की त्याच मसुद्यात ओळीच्या शेवटी रिकामी जागा असेल तर ‘ओळ पुढे चालू आहे’ असं धरायचा नियम आहे. म्हणून या एका ओळीला त्यांना मुद्दाम अपवाद करावा लागला.

आज तिचा उपयोग काय? खूण बरोबर असेल तर थंडरबर्ड सही फिकट रंगात दाखवतो, आणि साध्या मजकुराच्या मेलला उत्तर देताना समोरच्याची सही अवतरणातून (उत्तरात घेतलेल्या त्याच्या मूळ मजकुरातून) गाळून टाकतो. वीस उत्तरांच्या साखळीत वीस पत्ते आणि वीस फोन नंबर साचत नाहीत ते यामुळे.

हाताने सही घालताना हे नेमकं बिघडतं. एक तर ती शेवटची रिकामी जागा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे राहून जाते. बरेच एडिटर फाइल साठवताना ओळीच्या शेवटच्या जागा स्वतःहून कापतातही. दुसरं, आउटलुक किंवा वर्डमध्ये दोन रेघा लिहिल्या की शहाणपणा करून त्यांची एक लांब रेघ केली जाते. दिसायला छान, पण खूण मेली. रेघ बदलल्यावर लगेच कंट्रोल-झेड दाबलं की दोन रेघा परत येतात.

आणि उत्तर वर, अवतरण खाली अशा पद्धतीने लिहिणाऱ्यांनी ही खूण अजिबात घालू नये. कारण खुणेखालचं सगळं म्हणजे सही, असं समोरचा प्रोग्राम समजणार. म्हणजे खालचं मूळ पत्रही सहीत गेलं. थंडरबर्डला ‘सही माझ्या उत्तराखाली, अवतरणाच्या वर’ असं सांगितलं की तो आपणहून खूण गाळतो. जीमेलमध्येही हाच पर्याय आहे, त्याच्या वर्णनातच ‘आधीची रेघ काढून टाका’ असं म्हटलंय.

लांबीबद्दल : १९९५ च्या आरएफसी १८५५ मध्ये नेटवरचे शिष्टाचार दिलेत, त्यात सही साधारण चार ओळींपेक्षा मोठी नको असं आहे. तेव्हा लोक फोनच्या तारेवरून मिनिटांचे पैसे मोजून मेल उतरवत होते. आता तो खर्च नाही, पण चार ओळींत न मावणारी सही आजही कुणी वाचत नाही.

पोटमाळा

तळटीप, वाचनखूण साठवली. ती कंट्रोल-झेडची युक्ती माहीत नव्हती.

सांजवेळ

मराठीत सही असेल तर कुणी काही सांगेल का? आमच्या शाळेच्या मेलखालची सही काही पालकांना प्रश्नचिन्हांची माळ दिसते आणि काहींना इंग्रजी अक्षरांचा कचरा.

तळटीप

हे दोन वेगळे आजार आहेत, सांजवेळताई.

इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो म्हणजे सही श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फाँटात टाइप झालीय. तो फाँट ज्याच्या संगणकावर आहे त्यालाच मराठी दिसणार. यावर उपाय एकच, युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा किंवा परिवर्तक वापरून बदलून घ्या. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, मुख्याध्यापकांचं नाव तिथेच घसरतं.

प्रश्नचिन्हं दिसतात म्हणजे सहीची फाइल चुकीच्या साठवणीत आहे. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये मूळ पर्याय ‘एएनएसआय’ असायचा, त्यात देवनागरी टिकत नाही. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये खाली ‘एन्कोडिंग’ आहे, तिथे यूटीएफ-८ निवडा. एचटीएमएल फाइल असेल तर तिच्या वरच्या भागात कॅरसेट यूटीएफ-८ असल्याची मेटा ओळही घाला. नाहीतर फाइलच नको, सही थेट थंडरबर्डच्या चौकटीत लिहा, हा प्रश्नच येत नाही.

फोन नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत ठेवा. पालकांत मराठी न वाचणारेही असतील.

विलायती चिंच

इंग्लंडहून लिहितेय. सही आपोआप आली की हाताने घातली यावर इकडे चक्क कोर्टात खल झालाय.

निओक्लियस विरुद्ध रीस, २०१९, मँचेस्टर. विंडरमिअर तळ्याकाठच्या जमिनीचा वाद. तडजोडीच्या अटी एका बाजूच्या वकिलाने मेलने पाठवल्या, शेवटी ‘मेनी थँक्स’ लिहिलं आणि खाली आउटलुकने आपोआप त्याचं नाव, हुद्दा, पत्ता चिकटवला. इथे जमिनीच्या कराराला दोन्ही पक्षांची सही असलेला लेखी दस्त लागतो. आक्षेप असा, आपोआप आलेलं नाव म्हणजे सही कशी? कोर्टाने ती सहीच धरली. ते नाव प्रत्येक मेलखाली यावं अशी व्यवस्था कुणीतरी जाणीवपूर्वक केली होती, आणि ‘मेनी थँक्स’ लिहून वकिलाने खालचं नाव मजकुराशी जोडलं होतं, असा एकूण रोख.

त्याआधी २००६ च्या मेहता विरुद्ध परेरा फर्नांडिस खटल्यात उलट झालं होतं. मेलच्या खाली नावच नव्हतं, फक्त माथ्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता. तेवढ्याला सही मानायला कोर्टाने नकार दिला.

तेव्हा ‘आपोआप आली, माझा काय संबंध’ हे इथे चालेलच असं नाही. चौथा मजला, तुम्ही हाताने घालताय ते उत्तमच.

८.१२ ची लोकल

बाप रे. म्हणजे ‘थँक्स अँड रिगार्ड्स’ने जमीन गेली?

विलायती चिंच

गेली नाही हो, ठरलेला व्यवहार पाळावा लागला.

वकीलसाहेब नव्हे

नावाप्रमाणे मी वकील नाही, पण वकिलाच्या कचेरीत कागद हाताळतो. भारतातलं थोडक्यात : २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली आणि कलम १०-अ आलं. इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणावरून करार अवैध ठरत नाही, असं ते सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता प्रकरणात मेलवरच्या देवाणघेवाणीतून करार झाल्याचं मानलं. तेव्हा मेलवर ‘मान्य आहे’ लिहिताना खाली कुठलं पद आहे ते पाहा. रंगकामाच्या कंत्राटदाराला तुम्ही घरच्या खोलीसाठी ‘दर मान्य’ कळवाल आणि खाली ‘मानद सचिव’ असेल, तर बिल कुणाच्या नावाने येणार?

सांजवेळ

मग ते यूएसबीवाल्या टोकनचं डीएससी, डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, असतं, ते मेलच्या सहीत घालता येतं का?

वकीलसाहेब नव्हे

ती गोष्टच निराळी. आपण इथे बोलतोय तो मेलखालचा मजकूर, तो कुणीही टाइप करू शकतो. डीएससी म्हणजे परवानाधारक संस्थेने दिलेलं प्रमाणपत्र; त्याने सही केली की पाठवणारा कोण आणि मजकूर वाटेत बदलला का, हे तपासता येतं.

खटपट्या

थंडरबर्डमध्ये त्याची सोय आहे, अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’खाली. मेलवर डिजिटल सही करायच्या दोन पद्धती आहेत : एस/माइम पूर्वीपासून होतं, ओपनपीजीपी ७८ व्या आवृत्तीपासून आतच आलं. प्रमाणपत्र मात्र मेलसाठी दिलेलं हवं. शाळेच्या पत्रव्यवहाराला याची गरज पडू नये.

रानभेंडी

लोगो टाकावा का सहीत? आमच्या बचत गटाचा छान लोगो करून घेतलाय.

८.१२ ची लोकल

नका टाकू. चित्र मेलमधून जाताना बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात, बदलतं आणि त्याचा आकार सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. ६० केबीचा लोगो ८० केबी होतो, तो प्रत्येक उत्तरासोबत. त्यातून कित्येकांकडे चित्र दिसतच नाही, त्याऐवजी ‘इमेज ००१’ नावाची जोडलेली फाइल दिसते. मग ‘तुम्ही काय अटॅच केलंय, उघडत नाही’ असे फोन. गटाचं नाव ठळक अक्षरांत लिहा, पुरे.

रानभेंडी

ठीक. मग ब्राउझरमध्येच जीमेल वापरणाऱ्यांनी काय करायचं? माझ्याकडे थंडरबर्ड वगैरे नाही.

पोटमाळा

जीमेलमध्ये तर सोपंय. दातेरी चक्रावर टिचकी, ‘सी ऑल सेटिंग्ज’, मग ‘जनरल’मध्ये खाली खाली जात ‘सिग्नेचर’. २०२० पासून एकाहून जास्त सह्या ठेवता येतात, प्रत्येकीला नाव द्यायचं. त्याच्याच खाली ‘सिग्नेचर डिफॉल्ट्स’ आहे, दोन्हीकडे ‘नो सिग्नेचर’ ठेवा. आणि पानाच्या अगदी तळाशी ‘सेव्ह चेंजेस’ आहे ते दाबा. बहुतेक जण इथेच फसतात, कारण ते बटण दिसतच नाही इतकं खाली आहे.

मेल लिहिताना खालच्या पट्टीत पेनाचं चित्र दिसतं. त्यावर टिचकी मारली की सह्यांची नावं येतात. खिडकी लहान असेल तर पेन तीन ठिपक्यांच्या आत लपलेलं असतं.

चौथा मजला

सगळ्यांचे आभार. सोसायटीसाठी वेगळा पत्ता काढण्याचा ठराव पुढच्या कमिटी मीटिंगला ठेवतोय. त्यावरही तासभर चर्चा होईल, ते वेगळं.

आता फक्त फोनचं सांगा. अर्धी उत्तरं मी फोनवरून देतो. तिथे जीमेलच्या अ‍ॅपमध्ये पेनाचं चित्र सापडत नाही.

खटपट्या

फोनच्या अ‍ॅपमधली सही वेगळी असते आणि साधा मजकूरच घेते. ती रिकामी ठेवा. आयफोनवाल्यांनी ‘सेंट फ्रॉम माय आयफोन’ही आधी पुसून टाकावं, ते मेलच्या सेटिंग्जमध्ये ‘सिग्नेचर’खाली असतं.

मग कीबोर्डकडून काम करून घ्या. अँड्रॉइडवर जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘डिक्शनरी’, तिथे ‘पर्सनल डिक्शनरी’. भाषा निवडून अधिकचं चिन्ह दाबा, वर पूर्ण मजकूर आणि खाली आखूड शॉर्टकट. आयफोनवर ‘जनरल’, ‘कीबोर्ड’, ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’. आखूड अक्षरं टाइप केली की वर सूचना येते, ती निवडायची. रोजच्या लिहिण्यात न येणारी अक्षरं शॉर्टकटला घ्या, नाहीतर बायकोला मेसेज लिहिताना मध्येच ‘मानद सचिव’ उगवेल.

चौथा मजला

ओळी पाडता येतील का त्यात? नाव, पद, संस्था एकाखाली एक?

खटपट्या

त्या चौकटीत नवी ओळ धड घेतली जात नाही. एकाच ओळीत लिहा आणि मध्ये उभी रेघ टाका : नाव | मानद सचिव | संस्थेचं नाव. फोनवरच्या उत्तराला तेवढं पुरतं. नोंदणी क्रमांकासकट पूर्ण सही लागणारा मेल घरी येऊन संगणकावरूनच पाठवा.